आधि, व्याधि आणि अद्वैत : कोरेगावच्या पंचक्रोशीतील एक विचारधारा

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आपल्या शिंपी ज्ञातीची जुनी घराणी, पेठेतील आद्य दुकाने किंवा मंडळाच्या इमारतीची हकीकत यांपैकी काही तरी आम्ही लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु अलीकडे आपल्या घराघरांतून 'योगोपचार', 'वेदान्त' आणि 'मनःशांती' हे तीन शब्द एकाच दमात उच्चारले जाऊ लागले आहेत, आणि त्यांच्या भरीस पडून आमच्याच घरात जे घडले त्यामुळे आम्हांस हा विषय घेणे भाग पडले.

आमचे एक चुलते कोरेगावच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे शिवणयंत्रावर बसलेले. त्यांस आम्ही तात्या म्हणतो. मधुमेह जुना, गोळ्या नियमित. काही वर्षांमागे ते एका योगशिबिरास गेले. परत आले ते मोठ्या प्रसन्न चित्ताने आले. पहाटे उठू लागले, चिडचीड कमी झाली, आम्हां सर्वांस आनंद वाटला. आनंदाच्या भरात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नाही. देह मिथ्या, देहाचा रोग त्याहूनही मिथ्या, 'मी ब्रह्म आहे' एवढी भावना दृढ झाली की साखर आपोआप उतरते, असे तेथे त्यांच्या कानी पडले होते, आणि गोळ्यांची डबी खिडकीत ठेवली होती ती तेथेच धूळ खात पडली होती. पुढे चपलेचा खिळा पायास लागला. मधुमेह्याच्या पायास वेदना कळत नाही. जखम चिघळली व अखेर दोन बोटे काढावी लागली. रुग्णालयातील खाटेवर पडल्या पडल्या तात्यांनी आम्हांस विचारले, "बाबा, वेदान्त चुकला की मीच चुकलो?"

ते शिबिर कोणाचे, बोलणारे कोण, याची चर्चा येथे करावयाची नाही. तात्यांच्या प्रश्नास मात्र उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटले. ते शोधू लागल्यावर ध्यानात आले की, अद्वैत आणि आरोग्य यांचा संबंध काय, हा प्रश्न आपल्या पंचक्रोशीस नवा नाही. त्याचे धागे आपल्याच तालुक्यातील निगडीस, किन्हईस व शेजारच्या औंधास बांधलेले आहेत.

प्रथम निगडी. कोरेगाव तालुक्यातील ही निगडी 'रंगनाथस्वामींची निगडी' म्हणूनच ओळखली जाते. समर्थ रामदास, जयरामस्वामी वडगावकर, केशवस्वामी भागानगरकर, आनंदमूर्ती ब्रह्मनाळकर आणि रंगनाथस्वामी निगडीकर हे सतराव्या शतकातील पाच सत्पुरुष 'रामदासपंचायतन' या नावाने महाराष्ट्रास परिचित आहेत. 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' लिहिणारे श्रीधरस्वामी हे त्याच नाझरेकर घराण्यातील. रंगनाथस्वामी राजयोगी म्हणून प्रसिद्ध होते. अंगावर उंची वस्त्रे, बसावयास घोडा, असा त्यांचा थाट परंपरेने वर्णिला आहे. वैराग्य अंगरख्यात नसते, ही गोष्ट आपल्यासारख्या अंगरखे शिवणाऱ्यांस अधिक लवकर पटावी. या रंगनाथस्वामींच्या ग्रंथांपैकी योगवासिष्ठाच्या सारावरील मराठी टीका आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ज्या ग्रंथात अद्वैत वेदान्त आणि रोगांची मीमांसा एकत्र नांदतात, त्या ग्रंथाचा गाभा तीनशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातील एका पुरुषाने संस्कृत न जाणणाऱ्यांपुढे ठेवला. आपल्या पणजोबांच्या पणजोबांस संस्कृत येत नव्हते. परंतु मठात वाचली जाणारी ओवी ऐकण्यास संस्कृताची गरज नव्हती.

योगवासिष्ठ हा ग्रंथ अवाढव्य आहे. परंपरा त्याची श्लोकसंख्या बत्तीस हजार सांगते. त्याचा आरंभच मुळी एका रुग्णापासून होतो. तीर्थयात्रा करून आलेला, सोळा वर्षेही पुरी न झालेला राम खिन्न होऊन बसला आहे. जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, दिवसेंदिवस कृश होत आहे, आणि सेवक घाबरून दशरथास वर्दी देतात. विश्वामित्र दरबारात येतात, रामास बोलावले जाते, आणि तो आपल्या मनातील सारी उदासीनता सभेपुढे उघडी करतो. आजचा एखादा बाप असे पोर पाहून धास्तावेल किंवा रागावेल. विश्वामित्र आणि वसिष्ठ रागावले नाहीत, 'वयाचा दोष आहे, लग्न करून द्या' असेही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याचे सर्व बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. पुढील सारा ग्रंथ म्हणजे त्या ऐकण्यास दिलेले उत्तर होय. आपल्या घरांतून आज शिकणारी मुले अशीच गप्प होतात, तेव्हा या पहिल्या प्रसंगाची आठवण ठेवावी, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.

रोगांविषयीची चर्चा पुढे निर्वाण प्रकरणात, राणी चूडालेच्या कथेच्या ओघात येते. चूडाला ही शिखिध्वज राजाची पत्नी. पतीच्या आधी तिला आत्मज्ञान झाले. राजा मात्र ज्ञानासाठी राज्य सोडून अरण्यात गेला, तेव्हा तिनेच वेषांतर करून तेथे जाऊन त्याला शिकविले. (आपल्या भगिनीमंडळाने हिच्यावर एखादे कीर्तन अवश्य ठेवावे.) या कथेच्या मध्यावर राम वसिष्ठांस विचारतो की, आधि आणि व्याधि उत्पन्न कशा होतात व नष्ट कशा होतात?

वसिष्ठांचे उत्तर आजच्या वाचकासही चकित करील असे आहे. देहाचे दुःख ती व्याधि, वासनेने घडलेले मनाचे दुःख ती आधि, आणि दोहोंचे मूळ अज्ञान, असे ते आरंभी सांगतात. मग ते पायरीपायरीने क्रम लावतात. चित्त क्षुब्ध झाले की बाण लागलेल्या हरिणाप्रमाणे माणसास समोरची वाट दिसत नाही व तो भलत्याच दिशेने धावतो. चित्त ढळले की प्राण आपली समगती सोडतात. प्राण विषम झाले की नाड्यांचा तोल जातो. मग खाल्लेले अन्न नीट पचत नाही; कोठे अर्धवट, कोठे अति, कोठे मुळीच नाही. तेच अन्न दोषरूप होऊन देहात व्याधि उभी करते. कोरेगावच्या भाषेत सांगावयाचे तर वाघ्या घेवड्याची तीच उसळ सुखी मनाच्या माणसास पुष्टी देते आणि कोर्टाची तारीख डोक्यात घेऊन जेवावयास बसलेल्यास रात्रभर छळते. घेवड्याचा त्यात दोष नाही.

यावर उपाय सांगताना वसिष्ठ जे म्हणतात ते आम्ही दोनदा वाचले, कारण तात्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथे आहे. जी व्याधि आधीपासून जन्मली, ती आधि क्षीण झाली की क्षीण होते. तेथे चित्तशुद्धी, सत्संग, प्राणांची समता, मंत्र यांचे सामर्थ्य चालते. हिरडा जसा आपल्या स्वभावानेच कोठा साफ करतो, तसे मंत्राक्षरांचेही कार्य होते, असा दृष्टांत ते देतात. परंतु जी व्याधि आधीपासून जन्मलेली नाही, तिच्यासाठी औषधे, द्रव्ये व वैद्यशास्त्राने सांगितलेले उपाय हेच साधन, असे तेच वसिष्ठ सांगतात. आणि आत्मज्ञान? ते त्यांनी तिसऱ्याच गोष्टीसाठी राखून ठेवले आहे. जन्म घेणे, 'मी देह' म्हणून जगणे, ही जी मुळाची व्याधि तिचे नाव त्यांनी 'सार' असे ठेविले आहे, आणि ती मात्र आत्मज्ञानावाचून जात नाही. म्हणजे अद्वैताचा सर्वांत मोठा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथानेच प्रत्येक दुखण्याचा दावा वेगळ्या दप्तरी नोंदविला आहे. शिबिरातील वक्त्याने तिन्ही दप्तरांचे एकच गाठोडे बांधले.

समर्थांचीही हीच रीत दिसते. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे वर्णन करताना आध्यात्मिक तापाच्या समासात त्यांनी देहाच्या रोगांची लांबच लांब यादी दिली आहे. ज्या पुरुषाने अद्वैत निःसंदिग्धपणे सांगितले, त्याने खरूज आणि पोटशूळ यांना 'मिथ्या' म्हणून झटकले नाही, नावानिशी मोजले. ज्याने रोग मोजले आहेत तोच रोग्याची थट्टा करीत नाही.

येथे तत्त्वज्ञानाची एक गाठ सोडविणे अवश्य आहे. योग आणि अद्वैत या दोन गोष्टी आज एकरूप समजल्या जातात. मुळात त्या तशा नाहीत. पतंजलींच्या योगात पुरुष व प्रकृती ही दोन तत्त्वे वेगळी आहेत. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी योगशास्त्रातील या द्वैताचे खंडन केले आणि आसन, ध्यान इत्यादी साधना मात्र मान्य केली. अद्वैतवाद्यास योग हवा असतो तो चित्त स्थिर होण्यासाठी. तैत्तिरीयोपनिषदात अन्न, प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशी पाच आवरणे सांगितली आहेत. त्यांस पुढे 'कोश' म्हटले गेले, आणि आत्मा या पाचांच्याही पलीकडचा, असा आचार्यांचा सिद्धांत. आजचे योगोपचारवाले, विशेषतः बंगलोरची विवेकानंद योग अनुसंधान संस्था, हेच पाच कोश आणि वसिष्ठांची आधि-व्याधि मीमांसा यांवर आपली उपचारपद्धती उभारतात. आसन अन्नमय कोशासाठी, प्राणायाम प्राणमयासाठी, ध्यान मनोमयासाठी, अशी त्यांची मांडणी आहे. मांडणी सुबक आहे. आपल्या धंद्यातील माणसास ती अस्तर लावलेल्या कोटासारखी चटकन समजेल. अस्तर उसवले तर कोट चुणतो, कोट चुणला तर अस्तर ओढले जाते. परंतु कोट घालणारा त्या दोहोंहून निराळा आहे हे ज्ञान झाले म्हणून फाटलेल्या कोटाला वेदान्ताने टाके पडत नाहीत. त्याला सुईच लागते.

निगडीनंतर दोन-अडीचशे वर्षांची वाट आम्ही ओलांडून जातो व किन्हईस येतो. कोरेगावजवळच्या या गावचे परशुराम त्रिंबक हे छत्रपती राजारामांच्या काळात पराक्रमाने 'प्रतिनिधि' पदास चढले. त्यांच्या घराण्याचा वाडा किन्हईस आजही उभा आहे आणि समोर साखरगडावर देवीचे देऊळ आहे. पुढे या घराण्याची गादी औंधास नांदली. तेथील शेवटचे राज्यकर्ते श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांचे नाव सूर्यनमस्काराशी कायमचे जोडले गेले आहे.

बाळासाहेबांचा मार्ग सरळ नव्हता, आणि म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे. १८९७ च्या सुमारास त्यांनी विलायतेच्या सँडो नावाच्या प्रख्यात मल्लाची पुस्तके व उपकरणे मागविली आणि दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. १९०८ साली मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार आपल्याकडे घरोघरी होतेच. बाळासाहेबांनी त्यांचे शास्त्र बनविले. श्वास कोठे घ्यावा, पाठीचा कणा कोठे वाकवावा, डोके कोठे टेकावे, प्रत्येक नमस्काराबरोबर कोणते बीजाक्षर म्हणावे, हे त्यांनी ठरविले. संस्थानच्या शाळांतून मुलांस व मुलींस नमस्कार घालावयास लाविले. १९३८ साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईने संपादिलेले त्यांचे सूर्यनमस्कारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि औंधाचा व्यायाम इंग्रजी घरांतून गेला. बीजाक्षरांचा उच्चार शरीराच्या अवयवांवर परिणाम करतो असे ते मानीत. वसिष्ठांच्या हिरड्याचा दृष्टांत येथे वाचकांस आठवेल.

श्रीमंतांचा उत्साह कधी कधी मर्यादा ओलांडी, हेही नमूद केले पाहिजे. नमस्काराने न जाणारे दुखणे त्यांस फारसे दिसत नसे. परंतु त्यांनी कोणास 'देह मिथ्या आहे' असे सांगून अंथरुणावर निजविले नाही; उठवून अंगणात उभे केले. स्वतः ते चित्रकार व कीर्तनकार. त्यांच्याच आश्रयाने पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास येऊन राहिले. वेदांचे भाष्यकार असलेल्या या पंडितांनी आसनांवरही पुस्तके लिहिली. त्यांचे स्वाध्याय मंडळ १९४८ पर्यंत औंधास होते, नंतर ते गुजरातेत पारडीस गेले. पंडितजी वयाची शंभर वर्षे पुरी करून १९६८ साली वारले. एवढ्याशा औंधात वेद, चित्रे, व्यायाम आणि राजकारण एकाच वेळी कसे नांदले याचे आम्हांस अजून आश्चर्य वाटते.

औंधाच्या अंगणातून हा विषय प्रयोगशाळेत नेला तो लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६). बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे व्यायाम व नर्मदातीरी मालसरचे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योग, असे त्यांचे शिक्षण झाले. तरुणपणी ते खानदेशातील अमळनेरास शिक्षणकार्यात होते. त्याच अमळनेरात प्रतापशेठ यांनी १९१६ साली खास शांकर अद्वैताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले होते. साने गुरुजीही काही काळ त्या मंदिरात अभ्यासास होते. एका बाजूस अद्वैताचे मंदिर, दुसऱ्या बाजूस देहाची परीक्षा करू पाहणारा योगी, आणि मध्ये गिरणीचा भोंगा, असे ते गाव होते.

१९२४ साली कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले व 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. ते सांख्य-योगाच्या भाषेत बोलत. 'कैवल्य' हा शब्दच पतंजलींचा आहे. त्यांचा विशेष असा की, त्यांनी योग्याच्या बोलण्यावर विसंबून न राहता त्याच्या पोटात काय घडते ते मोजले. बस्तीक्रियेत योगी गुदद्वाराने पाणी वर ओढून घेतो. जुनी समजूत अशी की, हा वायूवर मिळविलेला चमत्कारिक ताबा. कुवलयानंदांनी क्ष-किरण व दाब मोजण्याची नळी यांच्या साहाय्याने दाखविले की, नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो व म्हणून पाणी आपोआप वर चढते. आपल्या गुरूच्या नावावरून त्यांनी त्या निर्वातास 'माधवदास' हे नाव दिले. शिष्याने गुरूचे नाव चमत्कारास न देता मोजमापास दिले, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. १९२७ साली रक्तदाबाने त्रस्त झालेल्या महात्मा गांधींनी त्यांचा सल्ला घेतला. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी योगोपचारावरील पुस्तक लिहिले. ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाले.

आता औंधास पुन्हा एकदा यावे लागते, कारण अद्वैताचा सर्वांत सूक्ष्म धागा तेथूनच निघाला आहे. १९३८-३९ च्या सुमारास बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. जानेवारी १९३९ मध्ये औंधाची राज्यघटना अमलात आली. त्या कामी गांधीजींचा सल्ला होता, युवराज आप्पासाहेबांचा पुढाकार होता, आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडातील यहुदी अभियंत्याचे श्रम होते. भगवी वस्त्रे नेसून 'भारतानंद' हे नाव घेतलेला हा मनुष्य औंधाच्या खेड्यांतून हिंडत असे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच काळात वसली. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. याच फ्रीडमनची गाठ पुढे मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या, विडीचे दुकान चालविणाऱ्या निसर्गदत्त महाराजांशी पडली. महाराज मराठीत बोलत. ती संभाषणे फ्रीडमनने इंग्रजीत आणली व १९७३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. निगडीचे अद्वैत मराठी ओवीतून आपल्यापर्यंत आले. खेतवाडीचे अद्वैत मराठी बोलीतून निघून एका जुन्या औंधकराच्या हातून जगभर गेले.

या निसर्गदत्त महाराजांस घशाचा कर्करोग झाला व १९८१ साली त्यांचे निधन झाले. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्याच रोगाने गेले. अरुणाचलाच्या रमण महर्षींच्या दंडावर गाठ आली, अनेक वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि १९५० साली त्यांनी देह ठेविला. तात्यांस आम्ही ही तीन नावे सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्ञानाने रोग जात असते तर या तिघांचे प्रथम गेले असते. वेदान्ती यास प्रारब्ध म्हणतात: सुटलेला बाण ज्ञान झाल्यानेही परत भात्यात येत नाही. डॉक्टर महर्षींच्या दंडावर शस्त्र चालवीत होते, आणि महर्षींनी दर्शनास येणाऱ्यांस भेटणे थांबविले नाही. अद्वैताने त्यांस जे दिले ते दंडास दिलेले नव्हते. दंड ज्याचा म्हणावयाचा त्याच्याविषयी ते होते.

म्हणून योगोपचार निरर्थक ठरतो काय? मुळीच नाही. आपल्या धंद्याकडेच पाहावे. मान पुढे, पाठ वाकलेली, एक पाय पायट्यावर, डोळे सुईच्या टोकाशी, अशा बैठकीत आपल्या चार पिढ्या गेल्या, आणि चाळिशीनंतर कंबर न दुखणारा शिंपी आम्ही पाहिलेला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवरील प्रयोग तपासले. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योगासने करणाऱ्यांस हालचालीत अल्प ते मध्यम लाभ होतो, मात्र इतर व्यायामांहून योग सरस असल्याचे ठामपणे सांगता येत नाही, असा तिचा अभिप्राय होता. काही ज्ञातिबांधवांस हा अभिप्राय फिका वाटेल. आम्हांस तो आवडला, कारण त्यात खोटे आश्वासन नाही. दुपारी दुकान मिटल्यावर भुजंगासन, शलभासन आणि दहा मिनिटे शवासन करावयास कोणाची परवानगी लागत नाही की पैसा लागत नाही. मात्र रक्तदाब, डोळ्यांतील दाब किंवा मणक्याचा विकार असेल त्याने शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये व वैद्यास विचारल्यावाचून आरंभ करू नये, एवढे आम्ही आवर्जून लिहून ठेवतो. गोळ्या कमी करावयाच्या असतील तर त्या देणाऱ्याने कमी कराव्या, घेणाऱ्याने नव्हे.

आणि मन? तेथे मात्र वसिष्ठांचा शब्द आम्ही वरचा मानतो. तात्यांचा राग शिबिराने कमी झाला होता, झोप लागू लागली होती, हे खोटे नव्हते. पायाची बोटे गेल्यावर त्यांस दुहेरी दुःख झाले. एक पायाचे, आणि दुसरे, ज्या विचाराने इतके बरे वाटले तो विचारच फसवा होता की काय या शंकेचे. दुसरे दुःख अधिक जड होते. त्यासाठी आम्ही त्यांस आपल्या नामदेवरायांची गोष्ट आठवून दिली. गोरोबांनी 'कच्चे मडके' ठरविल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो हा गृहस्थ शिवालयात पिंडीवर पाय ठेवून निजलेला. 'पाय काढा' म्हणताच विसोबा म्हणाले, देव नाही तेथे तूच ठेव. आणि जेथे ठेवावे तेथे पिंड उभी राहिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या ज्ञातीच्या थोर संताचे अद्वैताचे शिक्षण एका म्हाताऱ्याचे पाय हातात धरून झाले. पाय मिथ्या आहेत असे विसोबांनी सांगितले नाही. पाय ठेवावयास देवावाचून जागा नाही एवढेच दाखविले. तात्या आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

जखम भरून आल्यावर त्यांच्याच इच्छेवरून आम्ही त्यांस निगडीस नेले. रंगनाथस्वामींच्या समाधीपुढे ते काठी टेकून बराच वेळ बसले. काय मागितले ते सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीशी त्यांनी गाडी थांबवावयास सांगितली. खादीच्या उरलेल्या तुकड्याची, नाडी ओवलेली एक लहानशी पिशवी त्यांनी स्वतःच शिवून घेतली होती. तिच्यातून गोळी काढली, पाणी मागितले, आणि चहावाल्यास बजावले, "एक बिनसाखरेचा."